पाचशे छापल्या, तीनशे ब्याऐंशी पलंगाखाली

खोळंबा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी लिफ्टवाला. लिफ्ट बसवायच्या, दुरुस्त करायच्या, रात्री-अपरात्री अडकलेली माणसं बाहेर काढायची, हे २२ वर्षं केलं. त्या अनुभवावर एक कादंबरी लिहिली. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं, तिसऱ्याचं उत्तरच आलं नाही, म्हणून पदरमोड करून स्वतः छापली. ५०० प्रती. त्याला आठ महिने झाले. ११८ गेल्या, उरलेल्या ३८२ पलंगाखाली आहेत. केर काढायचा म्हणजे आधी खोकी ओढावी लागतात, त्यामुळे माझ्या साहित्यसेवेचा घरात रोज एकदा तरी उद्धार होतो.

गेलेल्या ११८ मधल्या ९० तरी नातेवाईक, शेजारी आणि जुन्या सहकाऱ्यांकडे आहेत. सगळे म्हणतात, "छान लिहिलंयस." शेवट कसा वाटला विचारलं की विषय बदलतात. खोदून खोदून चौकशी केली तेव्हा कळलं, पूर्ण वाचणारे चार. त्यातली एक बायको, आणि मुद्रितं तिनेच तपासली असल्याने तिची सुटका नव्हती.

आतापर्यंतचे उद्योग: व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांत मुखपृष्ठ टाकलं (अंगठे भरपूर). फेसबुकवर महिनाभर रोज एक पोस्ट टाकली (पहिल्या दिवशी ७० लाइक, शेवटच्या दिवशी ३). तीन वाचनालयांना भेटप्रती दिल्या. किंडलवरही (ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात) पुस्तक आहे. तिथला खप सांगत नाही, आकडा एकेरी आहे.

ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्याने अनोळखी माणसापर्यंत पुस्तक न्यायचं कसं? एक 'प्रमोशन पॅकेज'वाले रोज फोन करतायत. घ्यावं का?

गोगलगाय:
अभिनंदन आणि पुढील लेखनास शुभेच्छा. वाचतेय.

रात्रपाळी:
पॅकेज घेऊ नका. घेऊ नका. घेऊ नका.

मी घेतलं होतं. पहिलं पुस्तक, उत्साह दांडगा. 'महिन्याभरात बेस्टसेलर' असं त्यांनी सांगितलं होतं, आणि गंमत म्हणजे त्यांनी ते केलंही. माझ्या कवितासंग्रहाला ॲमेझॉनवर एका अशा उपवर्गात टाकलं की तिथे फारशी कुणाची पुस्तकंच नव्हती. मग एका संध्याकाळी दहा-पंधरा प्रती उचलल्या. क्रमवारी तासातासाला बदलत असते, त्यामुळे त्या संध्याकाळी मी खरोखर पहिल्या क्रमांकावर होतो. त्यांनी स्क्रीनशॉट काढून पाठवला, वर केशरी बिल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर कितव्या पानावर होतो ते विचारू नका. पैसे गेले, स्क्रीनशॉट उरला. तोही आता बघवत नाही.

तुमच्याकडून पैसे घेतले की त्यांचं काम झालं. पुढे पुस्तक कुणी वाचलं काय, न वाचलं काय, त्यांना सारखंच.

जुनी सायकल:
धागाकर्ते, खोक्यांवरून आठवलं. अमेरिकन लेखक थोरोचं पहिलं पुस्तक १८४९ साली आलं, १००० प्रती छापलेल्या. चार वर्षांनी प्रकाशकाने न खपलेल्या ७०६ प्रती त्याच्या घरी पोचत्या केल्या. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं की आता माझ्याकडे जवळजवळ नऊशे पुस्तकांचा संग्रह आहे आणि त्यातली सातशेहून जास्त मी स्वतः लिहिलेली आहेत. दोन जिने पाठीवरून चढवली म्हणे ती.

आणि इंग्लंडमधल्या लेखिका ब्राँटे भगिनी. १८४६ मध्ये तिघींनी टोपणनावं घेऊन, छपाईचा खर्च स्वतः करून कवितासंग्रह काढला. वर्षभरात खपल्या दोन प्रती. तुम्ही ११६ ने पुढे आहात.

खोळंबा:
@जुनी सायकल, थोरोच्या प्रती १८५३ साली परत आल्या म्हणजे. ओटिसने लिफ्टच्या सेफ्टी ब्रेकचं जाहीर प्रात्यक्षिक केलं १८५४ मध्ये. बिचाऱ्याचं वर्षभराने हुकलं. :)

@रात्रपाळी, पॅकेजवाल्याला आत्ताच नको म्हणून कळवलं.

शाईचा डाग:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. प्रसिद्धी-प्रसिद्धी करण्याआधी पुस्तक बरं आहे का, ते कुणी तटस्थपणे पाहिलंय का? इथे दर दोन महिन्यांनी एक नवोदित येतो आणि 'वाचक कुठे गेले' म्हणून टाहो फोडतो. वाचक आहे तिथेच आहे हो. त्याच्यासमोर ढीग पडलाय, तुमचंच का उचलावं त्याने?

पेन्सिलवाली:
डागभाऊंचा सूर नेहमीसारखाच, पण शेवटचा प्रश्न बरोबर आहे. खोळंबा, तुमच्या पुस्तकाची पाठराखण इथे टाकता का? मलपृष्ठावर जे छापलंय ते, जसंच्या तसं.

खोळंबा:
टाकतो. "मानवी मनाच्या अथांग डोहाचा तळ धुंडाळणारी, नातेसंबंधांच्या गुंत्याचे तरल पदर अलगद उलगडणारी आणि जगण्याच्या चढउतारांचा अंतर्मुख करणारा आलेख मांडणारी एक आगळीवेगळी कादंबरी."

शाईचा डाग:
चढउतार. लिफ्ट. हं.

पेन्सिलवाली:
अहो, यात लिफ्ट कुठे आहे? 'चढउतार' सोडा, तो श्लेष तुम्हाला आणि आता डागभाऊंनाच कळला. हे वाक्य कुठल्याही कादंबरीच्या पाठीवर चिकटवा, चिकटेल. बावीस वर्षं रात्री-बेरात्री माणसं बाहेर काढलेला माणूस कादंबरी लिहितो, आणि मागे छापतो 'तरल पदर'!

मला एक सांगा. पहिल्या प्रकरणात काय होतं? साहित्यिक भाषा नको, मित्राला फोनवर सांगाल तसं सांगा.

खोळंबा:
रात्री अडीचला फोन येतो. एका इमारतीत लिफ्ट सहाव्या-सातव्या मजल्याच्या मधे अडकलीये, आत एक म्हातारे गृहस्थ. मेकॅनिक पोचतो, दाराच्या फटीतून त्यांच्याशी बोलतो. दहा मिनिटांत काढतो म्हणतो. तर आतून आवाज येतो, "घाई नको. सकाळपर्यंत राहू दे मला इथेच."

गोगलगाय:
ऑँ? का??

रात्रपाळी:
का म्हणाले ते तसं?

पेन्सिलवाली:
बघा. दोन माणसांनी 'का' विचारलं, आणि तुम्ही अजून काही विकलेलंसुद्धा नाही. ही तुमची पाठराखण. म्हाताऱ्याच्या वाक्यावर थांबा, खाली एक ओळ, लेखकाने हे काम बावीस वर्षं केलंय. बास. डोह, तळ, पदर सगळं काढून टाका. छापलेल्या प्रतींचं आता काही करता येणार नाही, पण किंडलवरचं वर्णन आज रात्री बदला. तिथे ४००० अक्षरं बसतात म्हणून ४००० भरू नका.

मुद्राराक्षस:
मुद्रितशोधनात आयुष्य गेलं, त्या अधिकाराने दोन शब्द. किंडलवर पुस्तकाची सुरुवातीची साधारण दहा टक्के पानं नमुना म्हणून फुकट वाचता येतात. अनोळखी लेखकाचं खरं दुकान ते. आपल्याकडे त्या दहा टक्क्यांत असतं काय? अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, कुणा मान्यवराची सात पानी प्रस्तावना, तीत शेवट फोडलेला, मग लेखकाचं मनोगत, 'लहानपणापासून लेखनाची आवड होती' वगैरे. वाचक नमुना उघडतो, मनोगतात अडकतो आणि तिथूनच परत फिरतो. तुमच्याकडे यातलं किती आहे?

खोळंबा:
ऋणनिर्देश ३ पानं, प्रस्तावना ९, मनोगत ६.

मुद्राराक्षस:
अठरा पानं! म्हातारा अडकलाय सहाव्या-सातव्या मजल्याच्या मधे आणि वाचक तळमजल्यावर सत्कार बघत बसलाय. ई-आवृत्तीत हे सगळं उचलून शेवटी टाका. प्रस्तावना लिहिणाऱ्यांना वाईट वाटेल, वाटू दे.

चष्मिष्ट:
तांत्रिक बाजू मी सांगतो, यातच काम करतो. मुखपृष्ठ फोनवर नखाएवढं करून बघा, नाव वाचता येतं का? किंडलवर शोधशब्दांसाठी सात रकाने मिळतात, बहुतेक लेखक तिथे 'कादंबरी', 'उत्तम पुस्तक' असलं काहीतरी भरतात. वाचक शोधताना जे टाइप करेल ते लिहा. किंडलच्या सिलेक्ट योजनेत गेलात तर ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. बदल्यात त्या ९० दिवसांत पाच दिवस फुकट देता येतं. ते पाचही दिवस वापरा आणि

शाईचा डाग:
फुकट दिलेलं कुणी वाचत नाही. डाउनलोड करतात आणि विसरतात. माझ्याच यंत्रात अशी दोनशे पडलीयेत.

चष्मिष्ट:
अर्धवट पोस्ट झालं, फोनवरून लिहितोय. डागसाहेब, दोनशेतली पाच तरी उघडली असतील ना? आकडे टाकायचे तर एकदम टाकावे लागतात. शंभर जणांनी उतरवलं तर वाचणारे दहा, बोलणारा एक. तो एकच हवाय.

(शंभर-दहा-एक हा माझा अंदाज आहे, संशोधन नव्हे. हलकेच घ्या.)

उंबरठा:
आमचा एक छोटा वाचनगट आहे, दर महिन्याला एक पुस्तक. पूर्वी लेखक यायचे आणि म्हणायचे, "माझं पुस्तक घ्या ना चर्चेला." आम्ही संकोचाने हो म्हणायचो आणि पुढे ढकलायचो. एक बाई मात्र वेगळ्या आल्या. सहा महिने नुसत्या सभासद म्हणून. इतरांची पुस्तकं वाचून यायच्या, नेमकं बोलायच्या. त्यांनी स्वतः काही लिहिलंय हे सातव्या महिन्यात कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. त्या महिन्यात आम्ही त्यांचंच पुस्तक घेतलं.

आणि नातेवाइकांना 'विकत घ्या' म्हणू नका. ते घेतात, तुमच्यासाठी घेतात, आणि कपाटात ठेवतात. त्यांना विचारा, "तुझ्या ओळखीत असं कोण आहे ज्याला हे आवडेल?" तुमच्या भाच्याला वाचायचा कंटाळा असेल, पण त्याच्या कचेरीत एखादी रोज बसमध्ये कादंबऱ्या वाचणारी असेल. प्रत तिच्या हाती जायला हवी.

रात्रपाळी:
+१. भेटप्रत देताना सही करून 'सप्रेम' लिहिलं की माणूस ती प्रत पुढे कुणाला देत नाही, हा स्वानुभव. सही न करता द्या आणि सांगा, वाचून झालं की पुढे सरकव.

खोळंबा:
हे सगळं टिपून घेतोय. एक शंका. किंडलवर अभिप्राय दोनच आहेत. मेहुण्याने आणि दोन भाच्यांनी पाच पाच तारे द्यायची तयारी दाखवलीये. चालेल?

चष्मिष्ट:
अजिबात नाही. ॲमेझॉनच्या नियमांत घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय बसत नाहीत, सापडले तर काढून टाकतात. 'तू माझं लिही, मी तुझं लिहितो' हेही बसत नाही. प्रत फुकट देऊन अभिप्राय मागितला तर चालतं, पण चांगलाच लिही अशी अट घालायची नाही.

जुनी सायकल:
अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये स्वतःच्याच पुस्तकाची परीक्षणं निनावी लिहून छापून आणली होती, भरपूर स्तुती करून. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत तर नामवंत लेखक इमर्सनने खाजगी पत्रात लिहिलेलं कौतुकाचं वाक्य त्याला न विचारता पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं.

शाईचा डाग:
सायकलकाका, तुम्ही नेमकं काय सुचवताय त्यांना?

जुनी सायकल:
काहीच नाही, आठवलं म्हणून सांगितलं. बरं, हे मात्र उपयोगाचं आहे. २०१३ मध्ये हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाईंनी टोपणनावाने एक रहस्यकादंबरी काढली. परीक्षणं चांगली आली, तरी नाव फुटेपर्यंत तीन महिन्यांत कापडी बांधणीच्या प्रती खपल्या साधारण दीड हजार. मोठा प्रकाशक पाठीशी असून. नाव फुटलं आणि पुस्तक रातोरात यादीत सगळ्यात वर. मजकूर तोच. तेव्हा डागभाऊ, 'पुस्तक बरं असेल तर वाचक येतोच' हे काही खरं नाही.

शाईचा डाग:
मान्य. नाव फुटल्यावरच ते पुस्तक घ्यायला धावलेला वाचक मीही आहेच.

गोगलगाय:
अवांतर होईल, पण खोळंबा, कधीपासून विचारायचंय. लिफ्टचा दोर तुटला तर लिफ्ट खाली कोसळते का? मी रोज अकराव्या मजल्यावर जाते आणि रोज हाच विचार करते.

खोळंबा:
ताई, निवांत जा. दोर एक नसतो, चार-सहा असतात, आणि त्यातला एकेक दोरसुद्धा भरलेली लिफ्ट पेलू शकतो. समजा सगळे तुटले, तरी वर मशीनरूममध्ये गव्हर्नर नावाची एक चकती असते. लिफ्ट ठरलेल्या वेगाच्या पुढे पळाली की ती अडकते, तिची तार खेचली जाते आणि लिफ्टखालचे जबडे दोन्ही बाजूच्या रुळांना करकचून धरतात. दोर तुटला तरी लिफ्ट थांबू शकते, एवढं ओटिसने १८५४ मध्ये दाखवलं. स्वतः फळीवर उभा राहिला, गर्दीसमोर फळी उंच नेली आणि कुऱ्हाडीने दोर तोडायला लावला. फळी जराशी खचली आणि थांबली.

आणि एक गंमत. तुम्ही एकट्याच असाल आणि समजा ब्रेक सुटला, तर लिफ्ट खाली नाही, वर जायला बघते. मागे जे वजन लटकत असतं, काउंटरवेट, ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं. पाळणा (म्हणजे लिफ्टचा डबा) अधिक निम्म्याच्या आसपास माणसांचं वजन, असा हिशेब करून ते भरलेलं असतं. नवीन पोराला आम्ही हे सांगायचो नाही, दाखवायचो. रिकामी लिफ्ट, हाताने ब्रेक किंचित सैल करायचा, आणि ती हळूच वर सरकायला लागली की पोराचा चेहरा बघायचा.

माणसं मरतात ती कोसळून नाही, घाईने. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली, दार कुणीतरी उचकटलं, खाली दोन-अडीच फूट फट दिसते, आणि माणूस उडी मारायला बघतो. उडी मारताना पाय मागे जातो आणि लिफ्टखालच्या मोकळ्या खाईत, म्हणजे शाफ्टमध्ये, तो पडतो. आत बसून राहिलं तर काहीही होत नाही. हवा संपत नाही, डबा हवाबंद नसतो. कितीतरी रात्री मी फटीशी बसून नुसत्या गप्पा मारल्यात लोकांशी, साथीदार वर पोचेपर्यंत. अंधारात, चेहरा न दिसता माणसं काय काय सांगतात! एकाने मला त्याच्या बायकोपासून लपवलेलं सांगितलं होतं. बाहेर आल्यावर नजरेला नजर दिली नाही त्याने.

गोगलगाय:
मी हे तीनदा वाचलं. आणि सोसायटीच्या गटात पाठवलं, चालेल ना?

मुद्राराक्षस:
वाचनखूण साठवली.

रात्रपाळी:
वर गेलेली लिफ्ट! हे मला आयुष्यात कधी कुणी सांगितलं नव्हतं.

पेन्सिलवाली:
खोळंबा, तुम्ही महिनाभर रोज फेसबुकवर काय टाकत होतात?

खोळंबा:
मुखपृष्ठ. आणि 'अवश्य वाचा'.

पेन्सिलवाली:
आणि हे सगळं पोटात ठेवून! आठवड्याला एक असं लिहा. लिफ्टबद्दल, अडकलेल्यांबद्दल, रात्रींबद्दल. पुस्तकाचा उल्लेख शेवटी एका ओळीत, तोही जमलं तर. आज तुम्ही गोगलगायला जे लिहिलंत ते तिने मागितलं होतं, म्हणून ती ते पुढे पाठवतेय. 'अवश्य वाचा' कुणी मागितलं होतं?

उंबरठा:
आणि तुमच्या धंद्यातली माणसं? लिफ्टवाल्यांवर कादंबरी किती वेळा निघते? त्यांच्या संघटना असतील, गट असतील. तिथे गेलात का?

खोळंबा:
नाही. लाज वाटते. म्हणतील, पाना सोडून हा लेखणी कधीपासून धरायला लागला.

शाईचा डाग:
लाजच वाटते आहे तर एक विचारतो. चाळीस प्रतिसाद होत आले. पुस्तकाचं नाव काय?

गोगलगाय:
अगंबाई, खरंच की.

खोळंबा:
मुद्दाम दिलं नाही. झैरात वाटेल म्हणून.

शाईचा डाग:
धन्य आहात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विकत घेतो, पण बरं नसेल तर बरं म्हणणार नाही.

खोळंबा (तीन महिन्यांनी):
धागा वर काढतोय, क्षमस्व. हिशेब द्यायचा राहिला होता.

किंडलवरची अठरा पानं मागे टाकली, वर्णन बदललं. आठवड्याला एक लिहितोय, आतापर्यंत अकरा झाले. सगळ्यात जास्त फिरला तो 'दार बंद करायचं बटण दाबून काय होतं' यावरचा. छापील प्रती ६४ गेल्या, त्यातल्या बहुतेक ज्यांना मी ओळखत नाही अशांकडे. फार मोठा आकडा नाही, पण एक खोकं पूर्ण रिकामं झालं आणि बायकोने ते स्वतःहून मोडीत टाकलं. डागभाऊंनी चार तारे दिले, मधली पन्नास पानं सैल आहेत म्हणून लिहिलं. आहेत. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी केली होती, ती फसली. ज्यांनी माझा नंबर साठवलाय त्यांनाच ते निरोप जातात हे मला उशिरा कळलं. म्हणजे पुन्हा नातेवाईकच.

मुख्य गोष्ट ही. परवा एका अनोळखी माणसाचा फोन आला. कुठून तरी माझा लेख वाचून त्याने पुस्तक मागवलं होतं. नमस्कार नाही, काही नाही. "पान ६१. तुमचा हिरो मेन स्विच बंद न करता शाफ्टमध्ये उतरतो. कुठल्या मूर्खाने शिकवलं त्याला?" तोही लिफ्टवाला, ३० वर्षं. अर्धा तास झापत होता. स्विच बंद करण्याचा परिच्छेद मूळ हस्तलिखितात होता, वेग यावा म्हणून मीच कापला होता. तसं सांगितलं तर म्हणाला, "वेग गेला खड्ड्यात, माझी पोरं वाचतील हे." पोरं म्हणजे त्याच्या हाताखालचे मेकॅनिक. सहा प्रती हव्यात म्हणाला, पण दुरुस्ती करून.

मुद्राराक्षस, उरलेल्या ३१८ प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली तर वाईट दिसेल का?

मुद्राराक्षस:
बिलकूल नाही. पण पान ६१ वरच चिकटवा, शेवटी नको, शेवटचं कुणी बघत नाही. वरची कड तेवढी चिकटवा, म्हणजे खालचा मजकूर उचलून वाचता येईल. मजकूर व्यनि करा आधी, तपासून देतो. 'शाफ्ट' तुम्ही दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलाय.